इंटरफेस सापडला म्हणजे हॉटस्पॉट सापडला का?

दोन प्रथिनं एकमेकांना कुठे चिकटतात असं संगणकाला विचारलं, की अमिनो आम्लांची एक यादी हाती येते. बरेच जण तिला सरळ हॉटस्पॉट म्हणून मोकळे होतात. प्रत्यक्षात ती असते इंटरफेसची.

इंटरफेस हा निव्वळ अंतराचा हिशोब. समोरच्या प्रथिनाचा अणू साधारण 5 अँगस्ट्रॉमच्या (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) आत असला, की ते अमिनो आम्ल यादीत धरायचं. (मर्यादा कुणी 4 घेतं, कुणी 6, दोन शोधनिबंधांतल्या याद्या जुळल्या नाहीत तर दचकू नका.)

हॉटस्पॉट हा ऊर्जेचा हिशोब. एका अमिनो आम्लाच्या जागी ॲलनिन हे छोटं अमिनो आम्ल बसवायचं. त्याची बाजूची साखळी म्हणजे जेमतेम एक मिथाइल गट, त्यामुळे मूळ साखळीचं काम थांबतं. दोन प्रथिनांमधला बंध मोलमागे 2 किलोकॅलरी किंवा त्याहून जास्त ढिला पडला, तर ती जागा हॉटस्पॉट मानतात.

फरक किती मोठा असू शकतो, ते 1995 मध्ये क्लॅक्सन आणि वेल्स या संशोधकांनी दाखवलं. मानवी ग्रोथ हार्मोन आणि त्याचा रिसेप्टर (पेशीवरचं, त्याला धरणारं प्रथिन) यांच्या इंटरफेसमध्ये दोन्ही बाजूंना तीसेक अमिनो आम्लं आहेत. रिसेप्टरच्या बाजूची एकेक करून बदलली, तर बऱ्याच जागी बंधाला फारसा धक्काच लागेना. तीन चतुर्थांशाहून जास्त ऊर्जा येत होती मधल्या, पाणी टाळणाऱ्या एका छोट्या भागातून, आणि तिथे वरचष्मा साखळीत 104 व 169 क्रमांकांच्या जागी असलेल्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लांचा. लग्नाच्या फोटोत तीस जण, खर्च उचललेला दोघांनी!

अल्फाफोल्ड-मल्टिमर ही प्रथिनांच्या रचनेचा अंदाज बांधणारी संगणक-प्रणाली जोडीची रचना देते. तिच्यातून इंटरफेस काढणं सोपं. पण सोबत येणारा विश्वासाचा आकडा हा मांडणी कितपत बरोबर असावी याचा असतो, बंधाच्या ताकदीचा नाही. गल्लत होते ती इथेच. हॉटस्पॉटसाठी रोझेटा किंवा फोल्डएक्ससारख्या साधनांनी संगणकावरच ॲलनिन बसवून ऊर्जेतला फरक काढावा लागतो. ही गणितं प्रथिनाचा कणा बहुतेक जागेवरच धरतात, म्हणून त्यांचे आकडे मी फक्त क्रम लावायला वापरेन.

औषध शोधणाऱ्याला हा क्रमच हवा असतो. पी53 हे कर्करोगाला आवर घालणारं प्रथिन त्याला रोखणाऱ्या एमडीएम2 या प्रथिनाच्या खाचेत मुख्यतः तीन अमिनो आम्लांवर टेकतं: फेनिलॲलनिन 19, ट्रिप्टोफॅन 23 आणि ल्युसिन 26. 2004 मध्ये जाहीर झालेले नटलिन हे छोटे रेणू नेमक्या त्याच तीन खळग्यांत बसतात.