'आदर्शवादी' म्हणजे 'स्वप्नाळू' नव्हे

आमच्या दापोलीकडे एखादं पोर मुंबईची नोकरी सोडून गावच्या शाळेत शिकवायला आलं, की ओटीवरून कुणीतरी म्हणतंच, "आदर्शवादी हो तो! व्यवहार शून्य." हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय आणि तो चुकीचा आहे.

'आदर्श' या संस्कृत शब्दाचा जुना अर्थ आरसा. आपला 'आरसा' हा शब्दही त्याच्यातूनच झिजून आला. माजघरात खुंटीवरच्या आरशात बघून आजी फिसकटलेलं कुंकू पदराच्या टोकानं नीट करायची. तसं ज्यात बघून माणूस स्वतःला नीट करतो, तो आदर्श. यात हवेतलं काय आहे?

हवेतल्यासाठी मराठीत मनोराज्य आहे, मनातले मांडे आहेत. ते रचत बसणारा स्वप्नाळू. भाबडा निराळाच, तो कुणाच्याही शब्दावर विसंबतो.

आदर्शवादी, म्हणजे ध्येयवादी, माणूस बघायचा तर जवळच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे बघा. परीक्षेसाठी घाट चढून पायी सातारा गाठलं, पुढे गणित शिकवलं, १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ साली महिला विद्यापीठ. त्यासाठी वर्गणी मागत दारोदार फिरले. अशा माणसाला व्यवहार कळत नव्हता असं कोण म्हणेल?

तत्त्वज्ञानातला चिद्वाद मात्र वेगळा. जगाचं मूळ चैतन्यात आहे, असं मानणारा तो विचार. त्यालाही काही जण 'आदर्शवाद' लिहितात आणि विद्यार्थ्यांना तो सद्वर्तनाचा धडा वाटतो.