मोझेल खोरे : पर्यटन आणि पदभ्रमण

मोझेल खोरे : पश्चिम जर्मनीतील द्राक्षे व वाइन यांसाठी प्रसिद्ध असलेला नदीकाठचा प्रदेश. मोझेल नदी फ्रान्समधील व्होज पर्वतात उगम पावते, काही अंतर लक्झेंबर्ग आणि जर्मनी यांच्या सीमेवरून वाहते आणि सुमारे ५४५ किमी. प्रवासानंतर कोब्लेंझ येथे ऱ्हाइनला मिळते. ट्रीर ते कोब्लेंझ हा लोहमार्ग सुमारे ११० किमी. आहे. नदीला तेच अंतर तोडायला सुमारे १९० किमी. लागतात. आयफेल आणि हुन्सऱ्यूक या दोन पठारांमधून नागमोडी वळणे घेत नदीने खोल दरी कोरली आहे आणि वळणांच्या दक्षिणाभिमुख उतारांवर द्राक्षांचे मळे आहेत. सार व रूव्हर या उपनद्यांची खोरी याच वाइन-प्रदेशात मोडतात. २००७ पर्यंत बाटल्यांवर ‘मोझेल-सार-रूव्हर’ असे तिहेरी नाव छापले जाई. त्या वर्षापासून फक्त ‘मोझेल’ राहिले. लागवडीखालील क्षेत्र साडेआठ हजार हेक्टरांच्या आसपास असून त्यातील निम्म्याहून बरेच अधिक रीसलिंग या पांढऱ्या द्राक्षजातीखाली आहे.

उतारांवरचा खडक डेव्होनियन काळातील, म्हणजे सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या गाळापासून बनलेला पाटीचा दगड होय. हा गडद दगड दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता वेलींना परत देतो. इतक्या उत्तरेला द्राक्षे पिकण्यामागे जी कारणे सांगतात त्यांपैकी हे एक. वरच्या मोझेलवर, लक्झेंबर्गच्या समोरच्या काठाला, मात्र चुनखडी आहे आणि तेथे एल्बलिंग ही जुनी जात अजून टिकून आहे.

द्राक्षशेतीचा आरंभ : या खोऱ्यात द्राक्षवेल कोणी आणली, हा प्रश्न प्रवाशांसाठीच्या पुस्तिकांनी सोडवून टाकलेला आहे : रोमन सम्राट प्रोबस (कार. २७६–२८२) याने. या कथनाचा मुख्य आधार म्हणजे ‘हिस्टोरिआ ऑगस्टा’ हा चरित्रसंग्रह. प्रोबसने गॉल (आजच्या फ्रान्सच्या आसपासचा प्रदेश), हिस्पानिया (स्पेन) व ब्रिटन येथील लोकांना वेली लावण्यास व वाइन करण्यास परवानगी दिली, असे त्यात म्हटले आहे. हा संग्रह बहुधा चौथ्या शतकाच्या अखेरीचा असून त्याच्या विश्वासार्हतेबद्दल अभ्यासकांचे मत फारसे चांगले नाही. शिवाय परवानगी दिली म्हणजे आधी लागवड नव्हती, असे होत नाही. सम्राट डोमिशनने इ. स. ९२ च्या सुमारास प्रांतांतील निम्म्या वेली उपटण्याचा हुकूम काढला होता खरा, पण तो त्याने तडीस नेला नाही, असे रोमन चरित्रकार स्वेटोनियसच लिहून ठेवतो. तेव्हा प्रोबसने बंदी उठवली असे म्हणण्यापेक्षा आधीपासून चालत आलेल्या गोष्टीला राजमान्यता दिली, हे म्हणणे अधिक पटते.

पुरातत्त्वीय पुरावा दोन प्रकारचा आहे आणि त्यांची गल्लत होऊ देता कामा नये. नॉयमागेन येथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सापडलेले दगडी ‘वाइन-जहाज’ हे एका व्यापाऱ्याच्या थडग्याचा भाग असून त्याचा काळ इ. स. २२० च्या सुमाराचा मानतात. जहाजात पिंपे रचलेली, दोन्ही टोकांना हिंस्र जनावरांची मुंडकी आणि वल्ह्यांवर बसलेले खलाशी असे हे शिल्प आहे. मूळ शिल्प ट्रीरच्या प्रादेशिक संग्रहालयात असून त्यावरून बांधलेली, वल्ह्यांची खरी बोट नॉयमागेनच्या धक्क्यावरून प्रवाशांना फिरवते. परंतु हे शिल्प व्यापाराचा पुरावा आहे, लागवडीचा नव्हे. पिंपांतील वाइन दक्षिणेकडून आलेली असू शकते. लागवडीचा निर्विवाद पुरावा म्हणजे द्राक्षे तुडवण्याची व दाबण्याची घरे. त्यांपैकी पीसपोर्ट येथील, मळ्यांच्या पायथ्याशी १९८५ मध्ये उजेडात आलेले, आल्प्सच्या उत्तरेकडील सर्वांत मोठ्यांत गणले जाते. ते चौथ्या शतकातील आहे. तुडवण्याचे हौद, त्यांतून रस वाहून नेणाऱ्या वाटा आणि खालचा साठवणीचा हौद हा क्रम तेथे आजही डोळ्यांनी वाचता येतो. याच शतकात, ३७१ च्या सुमारास, आउसोनियस या राजगुरूने नदीवर ४८३ ओळींचे लॅटिन काव्य रचले. उतारावरील वेली आणि त्यांचे पाण्यातील प्रतिबिंब त्यात आहे. थोडक्यात, चौथ्या शतकात खोरे मळ्यांनी भरलेले होते याबद्दल शंका नाही. तिसऱ्या शतकातील लागवड संभाव्य आहे, आणि त्याआधीच्या काळाबद्दल तूर्त सावधच राहिलेले बरे.

ट्रीरमधील पोर्टा निग्रा या नगरद्वाराच्या काळाबद्दलही असाच घोळ बराच काळ चालला. पहिल्या ते चौथ्या शतकापर्यंत वेगवेगळ्या तारखा सुचवल्या गेल्या. २०१८ मध्ये लगतच्या तटाच्या पायातील लाकडाच्या वाढवलयांवरून ते १६९–७० च्या हिवाळ्यात तोडल्याचे ठरले आणि वाद जवळजवळ मिटला. सिमेऑन नावाच्या तपस्व्याने या वास्तूत वास्तव्य केले व पुढे तिचे चर्च झाले म्हणून ती वाचली. शहरातील रोमन अवशेष, कॅथीड्रल आणि शेजारचे लीबफ्राउएन चर्च १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत.

पायवाटा : परंपरेने या खोऱ्यात पर्यटन म्हणजे बोटीतून किल्ले पाहणे आणि संध्याकाळी वाइन घेणे. एकविसाव्या शतकात पायी फिरणाऱ्यांचे प्रमाण वाढलेले दिसते. २०१४ मध्ये खुला झालेला ‘मोझेलश्टाइग’ हा पदभ्रमण-मार्ग पेर्ल ते कोब्लेंझ असा ३६५ किमी. लांबीचा असून त्याचे २४ टप्पे केलेले आहेत. तो काठाने जात नाही, पठाराच्या कडेने चढत-उतरत जातो. त्यामुळे नकाशावर लहान दिसणारा टप्पाही गुडघ्यांची परीक्षा पाहतो.

ब्रेम आणि एडिगर-एलर या गावांमधील काल्मोंट हा युरोपातील सर्वांत तीव्र उताराचा मळा अशी ख्याती आहे. काही जागी उतार ६५ अंशांपर्यंत असल्याचे सांगतात. त्याच्या अंगावरून सुमारे ३ किमी.ची वाट जाते. अवघड जागी पोलादी दोर, खुंट्या व शिड्या बसवलेल्या आहेत. वाट तांत्रिकदृष्ट्या कठीण नाही, पण उन्हाळ्यात दुपारी खडक तापून भाजतो, म्हणून सकाळची वेळ बरी. वरच्या टोकावरून नदीचे जवळजवळ पूर्ण वळण आणि पलीकडील काठावर श्टूबेन मठाचे छप्पर नसलेले भग्न चर्च दिसते. खोऱ्याच्या माहितीपत्रकांवर झळकणारे छायाचित्र बहुधा इथलेच असते.

या उतारांवरील मजगीच्या भिंती चुना न वापरता, नुसते दगडावर दगड रचून उभारलेल्या आहेत. कोकणातला गडगा पाहिलेल्याला रचना लगेच ओळखू येईल. यंत्र येथे चढत नाही. माणसे, अवजारे आणि तोडलेल्या घडांचे क्रेट एकाच दातेरी रुळावरून चालणाऱ्या छोट्या गाडीने वर-खाली जातात. जमीन एकत्रीकरणात सौम्य उतारांवर रस्ते झाले, उभे तुकडे मात्र मजुरीच्या खर्चामुळे पडीक पडत गेले. भिंत एकदा फुगून ढासळली आणि काटेरी झुडपे माजली की वाटही बंद होते. पायवाटांची देखभाल आणि मळ्यांचे अर्थकारण अशी एकमेकांत गुंतलेली आहेत.

खालच्या मोझेलवर व्हिनिंगेन परिसरात अपोलो फुलपाखराची एक उपजाती आढळते. ती अन्यत्र आढळत नाही. तिच्या अळ्या भिंतींच्या फटींत उगवणाऱ्या पांढऱ्या सेडम या मांसल पानांच्या छोट्या वनस्पतीवर जगतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कीटकनाशकांमुळे ती जवळपास नाहीशी झाली, नंतर सावरली. अलीकडे पुन्हा घट दिसते आणि हेलिकॉप्टरने होणारी फवारणी की बदलते हवामान, यावर मतभेद आहेत.

गावे व किल्ले : कोखेमचा किल्ला १६८९ मध्ये फ्रेंच सैन्याने उडवला. आज दिसतो तो बर्लिनच्या लुई राव्हेने या उद्योजकाने १८६८ ते १८७७ या काळात बांधवून घेतलेला, म्हणजे बव्हंशी एकोणिसाव्या शतकाची मध्ययुगाबद्दलची कल्पना. खऱ्या मध्ययुगीन वास्तूसाठी एल्ट्स किल्ला पाहावा. तो कधी उद्ध्वस्त झाला नाही आणि बाराव्या शतकापासून त्याच घराण्याकडे आहे. तो मोझेलच्या काठावर नाही, मळ्यांतही नाही. मोझेलकेर्नपासून ओढ्याकाठच्या जंगलवाटेने तासा-दीड तासाची चाल आहे. बर्नकास्टेल-कूस येथे लाकडी चौकटींच्या घरांच्या चौकात बहुतेकांचा वेळ जातो आणि पुलापलीकडचे सेंट निकोलाउस रुग्णाश्रम राहून जाते. तत्त्वज्ञ व कार्डिनल निकोलाउस कुझानुस (१४०१–६४) याने ते वृद्ध निराश्रितांसाठी स्थापन केले. ३३ जणांची मूळ सोय ख्रिस्ताच्या आयुष्याच्या वर्षांवरून ठरवलेली. संस्था अजून चालते आणि स्वतःचे मळे राखून आहे. ट्राबेन-ट्रारबाखमध्ये १९०० च्या सुमारास ब्रूनो म्यॉरिंगने उभारलेल्या युगेंडश्टील (‘आर्ट नूव्हो’चा जर्मन प्रकार) शैलीतील इमारती आणि वाइन-व्यापाराची जुनी तळघरे आहेत.

गावोगावी दारावर फांद्यांची जुडी टांगलेली दिसते. तेथे उत्पादक घरचीच वाइन साध्या खाण्यासह विकतो. वर्षात जास्तीत जास्त चार महिने आणि ४० आसनांपर्यंत, अशी मर्यादा पाळल्यास खाणावळीचा परवाना लागत नाही. ही प्रथा फ्रँक सम्राट शार्लमेनने सुरू केल्याचे सर्रास सांगितले जाते. आधार असा की, त्याच्या काळातील राजमळ्यांच्या नियमावलीत ज्यांच्याकडे मळे आहेत त्यांनी द्राक्षघडांच्या तीन-चार माळा ठेवाव्यात, असे कलम आहे. पण त्यात विक्रीचा शब्दही नाही. माळा टिकवण्यासाठी टांगलेल्या घडांच्या असाव्यात, हा अर्थ अधिक सरळ वाटतो. नियमावलीचे ८१२ हे नेहमी दिले जाणारे सालही निश्चित नाही.

नदी आणि सायकल : १९५६ च्या त्रिराष्ट्रीय करारानुसार नदी बांध घालून नौकानयनयोग्य करण्यात आली व १९६४ मध्ये जलमार्ग खुला झाला. कोब्लेंझ ते ट्रीर दरम्यान १० बंधारे आहेत. प्रवाह संथ झाल्याने कनू चालवणाऱ्यांची सोय झाली. पुराला मात्र बंधारे आवरत नाहीत. जुन्या घरांच्या भिंतींवर पाण्याच्या पातळीच्या रेघा व साले कोरलेली असतात, त्यांत डिसेंबर १९९३ ची रेघ बरीच वर आहे. काठाने सायकलमार्ग आहे. डाउन ते बर्नकास्टेल-कूस हा जुन्या लोहमार्गावरचा ५८ किमी.चा मार्ग ज्वालामुखी सरोवरांच्या मुलखातून उतरतो. रेल्वेमुळे एका दिशेने पेडल मारून परत येता येते. २०१९ मध्ये खुला झालेला, सुमारे १६० मी. उंचीचा होखमोझेल महामार्ग-पूल बांधताना स्थानिक वाइन-उत्पादकांनी मोठा विरोध केला होता. आता तो पाहायलाही लोक थांबतात.

सार आणि रूव्हर खोऱ्यांत गर्दी कमी. सारबुर्गमध्ये गावाच्या मध्यातून धबधबा कोसळतो, तर रूव्हरच्या काठाने बंद पडलेल्या लोहमार्गावर सायकलवाट हेर्मेसकाइलपर्यंत जाते. वरच्या मोझेलवरील नेनिग येथे १८५२ मध्ये सापडलेली रोमन मोझेइक फरशी जागेवरच जतन केलेली आहे.