पाव सेकंदाचं इंग्रजी

‘ग्रामर विसरा, शंभर वाक्यं पाठ करा आणि तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी बोला!’ ही जाहिरात गेल्या आठवड्यात पुन्हा एकदा समोर आली. पहिल्यांदा हसू आलं. मग लक्षात आलं की यातला तीस दिवसांचा भाग थाप असला, तरी पाठांतराचा भाग तितकासा वेडगळ नाही.

व्याकरणात मी शाळेपासून पक्का. तरी एका ऑनलाइन मीटिंगमध्ये पलीकडच्या बाईंनी ‘वुड यू माइंड इफ आय शेअर माय स्क्रीन?’ असं विचारलं आणि मी मोठ्या उत्साहाने ‘येस!’ म्हणालो. बाई गप्प. ‘तुमची काही हरकत?’ या प्रश्नाला ‘हो, आहे’ असं उत्तर देऊन मी हसतमुखाने बसलो होतो. ‘माइंड’चा अर्थ मला माहीत नव्हता असं नाही. तो वेळेवर आला नाही, एवढंच. आणि बोलण्यात सगळा खेळ वेळेचाच असतो.

तो वेळ किती? 2009 साली नेदरलँड्समधल्या नायमेगन इथल्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा भाषांमधल्या गप्पा तपासल्या. एकाचा प्रश्न संपल्यापासून दुसऱ्याचं उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी 200 मिलिसेकंद जात होते. म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा, पापणी लवते न लवते तोवर. जपानी लोक सगळ्यात चटपटीत निघाले आणि डॅनिश सगळ्यात सावकाश, पण कुठल्याही भाषेची सरासरी एकूण सरासरीपासून साधारण पाव सेकंदापलीकडे गेली नाही.

आता दुसरा आकडा बघा. समोर खुर्चीचं चित्र धरलं, तर ‘खुर्ची’ हा एक शब्द तोंडातून निघायला सुमारे 600 मिलिसेकंद लागतात, आणि तेही मातृभाषेत! एका शब्दाला 600 लागत असतील, तर अख्खं उत्तर 200 मध्ये सुरू होतं कसं?

याचं उत्तर मला फार आवडतं. समोरचा बोलत असतानाच आपण आपलं वाक्य जुळवायला घेतलेलं असतं, आणि त्याचं वाक्य कुठे संपणार याचा अंदाजही बांधलेला असतो. ऐकणं आणि जुळवणं ही दोन कामं एकाच डोक्यात एकाच वेळी चालू असतात. मातृभाषेत हे जमतं. परक्या भाषेत मात्र ऐकण्यातच सगळी शक्ती खर्च होते, आणि जुळवणी सुरू होते ती प्रश्न संपल्यावर. तोवर शांतता पसरलेली असते आणि समोरच्याला वाटतं, याला काही कळलेलं नाही.

हातातल्या कामापुरत्या स्मृतीत एका वेळी चारेक गोष्टीच मावतात, असं नेल्सन कोवन या मानसशास्त्रज्ञाने 2001 मध्ये मांडलं. आता ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड हेल्प मी’ हे वाक्य घ्या. शब्द आठ. एकेक शब्द शोधून, काळ तपासून, ‘इफ’ कुठे बसवायचा हे ठरवून बोलायला गेलं, तर चार खण केव्हाच भरून वाहतात. पण ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड’ ही अख्खी लगड एकच वस्तू म्हणून साठवलेली असेल, तर एकच खण भरतो. उरलेले तीन, नेमकी काय मदत हवी आहे हे ठरवायला मोकळे राहतात.

हे आपल्याला नवीन नाही. ‘सात आठे छप्पन्न’ म्हणताना कोणी सातची आठ वेळा बेरीज करत नाही, चाल येते आणि उत्तर तिच्यासोबत येतं. या लगडीतला भूतकाळही आपल्या ओळखीचाच आहे. ‘जरा एक काम होतं तुमच्याकडे’ म्हणतो तेव्हा काम काल नव्हतं, आत्ताच आहे. भिडेपोटी आपण ते जरा मागे सरकवतो. इंग्रजी ‘वॉज’ तेच करतो.

मेंदू अशा लगडी वेगळ्या वागवतो, याचा सुगावा फार जुना आहे. एकोणिसाव्या शतकात लंडनचे मेंदूतज्ज्ञ जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी लिहून ठेवलं की मेंदूला इजा होऊन वाचा गेलेले काही रुग्ण नवं वाक्य जुळवू शकत नाहीत, पण ठरीव बोल किंवा कचकचीत शिवी त्यांच्या तोंडून अचूक निघते.

फार वापरलेली लगड झिजतेही. ‘आय डोन्ट नो’चं ‘डनो’ होतं, ‘गोइंग टू’चं ‘गना’. पण गंमत बघा: ‘आयम गोइंग टू ईट’चं ‘आयम गना ईट’ होतं, ‘आयम गोइंग टू लंडन’चं ‘गना लंडन’ कधीच होत नाही. पहिल्या वाक्यात ‘गोइंग टू’ जाणं सोडून भविष्यकाळाचा प्रत्यय व्हायला निघालं आहे, दुसऱ्यात ते अजून खरोखर जातं आहे. झीज तिथेच होते जिथे शब्दांचा सुटा अर्थ पुसून गट एकजीव झाला आहे. भाषाशास्त्रात याला व्याकरणीकरण म्हणतात. ते इतक्या ठळकपणे कानावर पडण्याची ठिकाणं फार नाहीत, म्हणून मी जरा रेंगाळलो.

तर पाठ काय करायचं? ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ नक्कीच नाही. शिकवणीत हे हमखास पढवतात, पण रोजच्या बोलण्यात ते क्वचितच ऐकू येतं. ‘द थिंग इज’, ‘इट डिपेंड्स ऑन’, ‘लेट मी सी’ ही खरी कामाची माणसं. दिसायला सामान्य, पण उरलेलं वाक्य जुळेपर्यंत खिंड लढवतात. त्यांच्या मोकळ्या जागी काय बसतं हे कळायला मात्र व्याकरणच लागतं. ‘वुड यू माइंड’नंतर ‘वेटिंग’ येतं, ‘टु वेट’ नाही. ‘ग्रामर विसरा’ म्हणणारे हे सांगत नाहीत.

पाठ करताना लगड एका दमात, तिच्या चालीसकट म्हणायची, आणि थांबायचं ते तिच्या आधी किंवा नंतर, मध्ये नाही. आज, परवा, आठवड्याने अशी अंतर सोडून उजळणी टिकते. हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस यांनी 1885 मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं. हेडफोन लावून झोपा आणि सकाळी इंग्रजीत उठा, असं सांगणाऱ्यांपासून मात्र जपा. 1956 मध्ये सायमन आणि एमन्स या संशोधकांनी मेंदूच्या लहरी तपासत, माणसं खरोखर झोपली असतानाच त्यांना माहिती ऐकवली. जागे झाल्यावर ती त्यांना आठवली नाही.

मी ‘वुड यू माइंड’ उत्तरासकट पाठ केलं. आता समोरच्याचा प्रश्न अर्ध्यात असतानाच ‘नो, नो, गो अहेड’ ओठांवर हजर असतं. परवा एकाने विचारलं, ‘वुड यू माइंड रिपीटिंग दॅट?’ 200 मिलिसेकंदांच्या आत मी म्हणालो, ‘नो, नो, गो अहेड.’ मग आम्ही दोघंही एकमेकांच्या बोलण्याची वाट बघत बसलो.