उपग्रहाला ट्रकची उंची कुठे ठाऊक?

माझा मामेभाऊ चौदा चाकी चालवतो. मागच्या उन्हाळ्यात त्याने जुना लॅपटॉप घेतला, त्यात नकाशाचं सॉफ्टवेअर टाकलं आणि नागपूरजवळच्या वाडीच्या एका ट्रान्सपोर्टच्या आवारातून मला फोन केला. ‘दादा, हे तर आपल्याले मुंबईत दाखवून राह्यलं!’

लॅपटॉप बिघडला नव्हता. बहुतेक लॅपटॉपमध्ये जीपीएसची, म्हणजे उपग्रहांच्या संकेतांवरून जागा काढणारी, चिप नसतेच. जागा विचारली की तो आसपासच्या वायफायवरून, नाहीतर इंटरनेटच्या जोडणीवरून अंदाज बांधतो. यानं मोबाइलचं इंटरनेट लॅपटॉपला दिलं होतं आणि त्या जोडणीचा पत्ता मुंबईचा निघाला. काडेपेटीएवढा यूएसबीचा जीपीएस रिसीव्हर, म्हणजे हे संकेत पकडणारं यंत्र, लावून काचेजवळ ठेवला, तरी आधी काहीच दिसेना, कारण गाडी पत्र्याच्या शेडखाली होती. उपग्रहाचे संकेत फार क्षीण असतात, पत्र्यातून ते येत नाहीत. मोकळ्या आभाळाखालीही नव्या रिसीव्हरला थोडा वेळ द्यावा लागतो. उपग्रह आपली माहिती सेकंदाला फक्त ५० बिट इतक्या संथपणे पाठवतो. त्याची स्वतःची नेमकी जागा समजायलाच अर्धा मिनिट जातो, तर सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक पूर्ण यायला साडेबारा मिनिटं.

हे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येक जण सतत मुख्यतः दोन गोष्टी सांगतो: आता किती वाजले आणि मी कुठे आहे. डोक्यावरच्या उपग्रहाचा संकेत खाली यायला सेकंदाचा पंधरावा भाग लागतो. लागलेल्या वेळेला प्रकाशाच्या वेगाने गुणलं की अंतर मिळतं. तीन उपग्रहांची अंतरं कळली की जागा ठरायला हवी. पण रिसीव्हरमधलं घड्याळ साधं असतं, आणि ते एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकलं तरी अंतर ३०० मीटरने चुकतं. म्हणून चौथा उपग्रह लागतो: त्याच्या मदतीने रिसीव्हर स्वतःच्या घड्याळाची चूकही गणितातून काढतो. वरची अणुघड्याळंसुद्धा जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेप्रमाणे ही दुरुस्ती केली नाही, तर दिवसाकाठी दहा-अकरा किलोमीटरची चूक साचत जाईल.

नागपूरहून हैदराबादकडे जाताना हिंगणघाट लागतं. भारताची त्रिकोणमितीय मोजणी १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू करणारा विल्यम लॅम्बटन मोजत मोजत उत्तरेकडे आला आणि १८२३ मध्ये तिथेच वारला. त्याची कबर तिथे आहे. तो दुर्बिणीतून कोन मोजत होता, आज आपण वेळ मोजतो. त्या गावावरून जाताना मला दर वेळी त्याची आठवण येते.

एक गैरसमज मात्र काढायलाच हवा. उपग्रह आपल्याला बघत नाही. रिसीव्हर फक्त ऐकतो, वर काहीही पाठवत नाही. गाडी कुठे आहे हे मालकाला कळतं ते गाडीतलं यंत्र सिमकार्डावरून जागा कळवतं म्हणून. मनसरच्या पुढे, खवाशाच्या वाटेवर जंगलात भावाचं नेटवर्क गेलं तेव्हा नकाशा पांढरा झाला आणि निळा ठिपका तेवढा सरकत राहिला, त्याचं कारणही हेच. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, नकाशाची चित्रं उतरवायला लागतं. निघण्याआधी सगळ्या रस्त्याचा नकाशा लॅपटॉपमध्ये भरून ठेवला की हा प्रश्न उरत नाही.

नागपुरात कामठी रोडवर गड्डीगोदामला वेगळीच अडचण येते. तिथे खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो. तुम्ही खालच्या रस्त्यावर आहात की पुलावर, हे यंत्राला नीट उमगत नाही. सगळे उपग्रह डोक्यावरच्या आभाळात असतात, पायाखालून एकही संकेत येत नाही. त्यामुळे डावं-उजवं जितकं अचूक मिळतं तितकी उंची मिळत नाही. शिवाय पुलाच्या काँक्रीटवर आदळून संकेत उशिरा पोचतात आणि अंतर लांबलेलं दिसतं. अशा ठिकाणी ‘उजवीकडे वळा’ ऐकून लगेच वळायचं नाही, आधी पाटी बघायची.

रस्ता निवडणं हे उपग्रहाचं कामच नाही, ते लॅपटॉपमधल्या गणिताचं आहे. एड्सगर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने १९५६ मध्ये शोधलेली आणि १९५९ मध्ये छापलेली रीत आजही त्याच्या मुळाशी आहे. चौक म्हणजे ठिपके, रस्ते म्हणजे त्यांना जोडणाऱ्या रेषा, आणि प्रत्येक रेषेला वेळेची किंमत. सुरुवातीपासून सर्वांत स्वस्तात पोचता येणारा ठिपका घ्यायचा, तिथून पुढच्या ठिपक्यांच्या बेरजा करायच्या, असं मुक्कामापर्यंत. कारसाठी सीताबर्डीच्या ठेंगण्या लोहापुलाखालची रेषा चालते. भरलेल्या ट्रकसाठी ती आधी पुसावी लागते, आणि ती पुसायला सॉफ्टवेअरला गाडीची उंची आणि वजन सांगावं लागतं. कारसाठी केलेलं ॲप हे विचारतच नाही. ट्रकसाठी केलेलं विचारतं, म्हणून तेच घ्यावं, महाग पडलं तरी.

भाऊ आता माल भरून झाला, ताडपत्री बांधली, की टेप घेतो. क्लीनर वर चढतो, भाऊ खाली जमिनीला टेप टेकवतो. प्रत्येक फेरीला आकडा बदलतो. तो लॅपटॉपमध्ये भरल्याशिवाय गाडी आवाराबाहेर निघत नाही.