अंगठा का लागत नाही?

रेशन दुकानात अंगठा लागला नाही की "आधार बंद पडलं" असं बीड-धारूरकडं सर्रास म्हणतात. बहुतेकदा बंद काहीच पडलेलं नसतं.

रेशन दुकानातल्या अंगठा घेणाऱ्या ई-पॉससारख्या यंत्रांतल्या अनेक स्कॅनरमध्ये काचेच्या आतून तिरपा प्रकाश सोडतात. काचेपलीकडं हवा असेल आणि किरण काचेच्या लंबाशी सुमारे ४२ अंशांहून जास्त कोन करत असेल, तर तो सगळाच्या सगळा आत परततो. दहावीतलं पूर्ण आंतरिक परावर्तन ते हेच. घामट बोटाचा कंगोरा (ठशातली उंच रेघ) काचेला टेकला की ही मर्यादा साठीच्या पुढं सरकते. मग ५० अंशांवरचा किरण बोटात निसटतो आणि तिथं काळी रेघ उमटते. खाचेत हवाच असते, तिथं पांढरं. कंगोरे कुठं संपतात, कुठं फुटतात, एवढंच संगणक जुळवतो.

कोयता धरणाऱ्या, सिमेंट कालवणाऱ्या हातांचे कंगोरे झिजलेले आणि कोरडे. काचेशी फटी राहतात, रेघ तुटक येते आणि प्रत्येक तूट हा नवा 'शेवट' मोजला जातो. म्हणून तेल-पाणी चोपडावं, तर खाचाच बुजतात आणि रेघा एकमेकींत मिसळतात. नक्षीचं मूळ मात्र खालच्या थरात असतं. काम थांबलं की वरची कातडी साधारण महिन्याभरात नवी होते. म्हातारपणी तेवढी उभारी येत नाही. 

आता कार्ड कोण वापरतं ते बघा. धडधाकट जोडपं ऊसतोडीच्या टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. 'एक देश एक रेशनकार्ड'मुळं तिथंही धान्य मिळू शकतं, पण बोटं ऐन हंगामात झिजलेली. गावात राहिले आजी-आजोबा, त्यांची बोटं कोरडी. पर्याय ओटीपीचा, तर मोबाईल लेकाच्या खिशात, उसाच्या फडात! म्हणून ओटीपीच्या आधी बुबुळाचा स्कॅनर हवा. आधारमध्ये दहाही बोटं आणि दोन्ही डोळे नोंदलेले असतात. तरीही जुळलं नाही, तर साक्षीदाराच्या सहीनं वहीत नोंद करून अंत्योदयचं (सगळ्यांत गरीब कुटुंबांच्या कार्डावरचं) ३५ किलो धान्य त्याच फेरीत हातात पडावं.

दुकानदारानं आधी काच कोरड्या फडक्यानं पुसावी, यंत्र उन्हाच्या तिरिपेतून सावलीत घ्यावं. बोट धुऊन, पुसून, टोक नव्हे तर पेराचा फुगीर भाग सपाट टेकवायचा. अंगठा दोनदा नाही लागला, तर दुसरं बोट लावून बघा.