भटारखाना: दुकान की कारखाना?

हॉटेलच्या भटारखान्यात एका वेळी काय काय चालू असतं बघा. उकळत्या तेलाची कढई, इडलीचं पीठ वाटणारा ग्राइंडर, रोट्यांची भट्टी, 19 किलोचे गॅस सिलिंडर, आणि पायाखाली ओली, तेलकट फरशी. एखाद्या वर्कशॉपमध्ये यातलं निम्मं असतं तरी कारखाना निरीक्षक दारात आला असता. इथे तो येत नाही. 1948च्या कारखाने अधिनियमात 1976 साली दुरुस्ती झाली आणि 'कारखाना' या व्याख्येतून हॉटेल, उपाहारगृह, खाण्याची जागा ही नावं घेऊन वगळली गेली. फरशी निसरडी ठेवू नका (कलम 32), फिरत्या यंत्राला आवरण बसवा (कलम 21) ही बंधनं आचाऱ्याच्या वाट्याला आलीच नाहीत.

मग भटारखाना मोडतो कुठे? दुकानात! मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियमही 1948चाच. त्यात हॉटेलांसाठी वेगळं प्रकरण होतं, दिवसाला नऊ तासांची मर्यादा होती, हवा-उजेड, आगीपासून खबरदारी, प्रथमोपचार यांची कलमंही होती. पण त्या कायद्याचा जीव कामाचे तास, सुट्टी आणि हजेरीपत्रक यांत होता. कढईजवळ कुणी कसं उभं राहावं, हा त्याचा विषयच नव्हता.

तासांचं गणितही फसवंच. गावाकडून आलेला पोऱ्या रात्री बाकडी जोडून किंवा पोटमाळ्यावर झोपणार, आणि शेठ त्याला 'राहण्याची सोय' म्हणणार. काम कुठे संपलं आणि झोप कुठे सुरू झाली, कोण मोजणार? जॉर्ज फर्नांडिस यांच्या कामगार चळवळीची सुरुवात 1949च्या सुमारास मंगळूरच्या हॉटेल कामगारांपासून झाली, ती उगीच नाही. चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेल-ढाब्यावर कामाला ठेवण्यावर बंदी यायला मात्र 10 ऑक्टोबर 2006 उजाडला.

दरम्यान कोळसा आणि रॉकेल जाऊन गॅस आला. डोळ्यांची जळजळ, खोकला कमी झाला, पण धोक्याची जात बदलली. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला की वर उडून जात नाही, फरशीलगत आणि मोरीत साचून ठिणगीची वाट पाहतो. 16 ऑक्टोबर 2015 रोजी कुर्ल्याच्या 'सिटी किनारा' हॉटेलात गॅसने पेट घेतला आणि आठ जण गेले. त्यात बहुतेक पोटमाळ्यावर जेवायला बसलेले विद्यार्थी होते.

तोवर राज्याचा अग्निप्रतिबंधक कायदा (2006) लागू झालेला होता. त्यानुसार दर जानेवारी आणि जुलैमध्ये आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला परवानाधारक एजन्सीकडून घेऊन द्यावा लागतो. पण चिमणीच्या नळकांड्यात साठलेलं तुपट किटण दाखल्याने निघत नाही, त्यासाठी कुणीतरी आत हात घालावा लागतो.

मग डिसेंबर 2017. त्या महिन्याच्या 18 तारखेला पहाटे साकीनाक्याच्या खैरानी रोडवर फरसाणाच्या दुकानाला आग लागली आणि आत झोपलेले 12 कामगार मेले. दुसऱ्याच दिवशी, 19 तारखेला, राज्यात नवा दुकाने व आस्थापना कायदा अमलात आला. दहापेक्षा कमी माणसं असतील तर नोंदणी नको, फक्त सूचना द्या, ही त्यातली तेव्हाची मोठी सवलत होती. हा निव्वळ योगायोग, पण बोचणारा: छोटे भटारखाने बहुतेक याच आकड्याच्या आत बसतात. 29 तारखेला कमला मिल आवारातल्या रेस्टॉरंटच्या आगीत 14 जण गेले. शहर हादरलं, गच्च्यांवरची बांधकामं पाडली गेली. खैरानी रोडचं नाव तोवर मागे पडलं होतं.

अन्नसुरक्षेचे नियम 2011पासून आहेत. त्यांत आचाऱ्याची दरवर्षी वैद्यकीय तपासणी सांगितली आहे, पण ती त्याचा रोग गिऱ्हाइकाला लागू नये म्हणून. जानेवारी 2025मध्ये उच्च न्यायालयाने बेकऱ्यांच्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्या बंद करायला सांगितल्या, पाठोपाठ महापालिकेने कोळशाच्या तंदूरवाल्यांना नोटिसा काढल्या. कारण होतं मुंबईची बिघडलेली हवा. तंदूरमध्ये वाकून रोटी थापणाऱ्याच्या छातीतली हवाही त्यामुळे सुधारेल, पण ती ओघाने.