दोन आकड्यांमधली गोळी

लहानपणी घसा दुखून आलेला ताप काहींच्या हृदयाची झडप कायमची बिघडवून जातो. हा ऱ्हुमॅटिक हृदयविकार भारतातून अजून गेलेला नाही. त्यातल्या अनेकांना पुढे धातूची झडप बसवावी लागते. अशा झडपेवर रक्ताची गुठळी धरू शकते. ती सुटून मेंदूत गेली तर पक्षाघात, झडपेतच अडकली तर जिवावर बेततं. म्हणून रक्त सहज गोठू न देणारं वॉरफरिन किंवा आपल्याकडे भरपूर वापरलं जाणारं असेनोकुमॅरॉल जन्मभर घ्यायचं.

या औषधाचा उगम गोठ्यात आहे. 1920च्या दशकात अमेरिकेच्या उत्तर भागात आणि कॅनडात गुरं रक्तस्रावाने दगावू लागली. कारण निघालं बुरशी लागलेला चारा. 1933 साली विस्कॉन्सिनचा एक शेतकरी भर बर्फात मेलेलं जनावर आणि न गोठलेलं रक्त घेऊन कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोहोचला. तिथल्या शोधातून निघालेल्या, रक्त गोठू न देणाऱ्या औषधांच्या कुळातलं वॉरफरिन 1948मध्ये चक्क उंदीर मारायला बाजारात आलं. माणसांसाठी त्याला परवानगी मिळाली 1954मध्ये. ही गोष्ट ऐकून गोळी टाकून देणारे रुग्ण असतात, आणि ते जास्त धोक्याचं.

यकृतात तयार होणाऱ्या काही गोठण-घटकांना के जीवनसत्त्व लागतं. वापरून झालेलं हे जीवनसत्त्व शरीर पुन्हा कामाचं करून घेतं. गोळी नेमकं तेच अडवते. आधीचे घटक रक्तात शिल्लक असतात, त्यामुळे पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस जातात. तो मोजायचा आयएनआर या रक्तचाचणीने; रक्त गोठायला जितका जास्त वेळ, तितका आकडा मोठा. औषध न घेणाऱ्या निरोगी माणसात हा आकडा 1च्या आसपास असतो. गोळी घेणाऱ्या बहुतेकांसाठी तो 2 ते 3मध्ये हवा, काही झडपांसाठी थोडा वर. खाली गेला तर गुठळीची भीती. 4 ओलांडून चढत गेला की रक्तस्रावाची, त्यातही मेंदूतल्या.

हा आकडा हलवतं कोण? सगळे मेथी-पालकाला दोष देतात. पालेभाजी बंद करायची गरज नाही, रोज साधारण सारखी खावी एवढंच. खरा घोळ दुसऱ्या गोळ्यांनी होतो. जुलाबांवर सर्रास दिली जाणारी मेट्रोनिडाझोल किंवा बुरशीवरची फ्लुकोनाझोल वॉरफरिनचा निचरा मंदावते आणि आकडा चढतो. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक पोटाच्या अस्तराला इजा करते. तिथून होणारा रक्तस्राव आयएनआर ठीक असतानाही होऊ शकतो. क्षयाच्या उपचारातली रिफाम्पिसिन उलट काम करते: यकृत औषध भराभर संपवतं, डॉक्टर डोस वाढवतात. महिन्यांनी रिफाम्पिसिन थांबली की तोच वाढीव डोस अंगावर येतो, कारण यकृत पूर्वपदावर यायला दोनेक आठवडे लागतात. क्षयाचा दवाखाना एकीकडे आणि हृदयाचा दुसरीकडे असतो, त्यामुळे हे निसटायची शक्यता मोठी.

नव्या गोळ्यांना ही सततची तपासणी लागत नाही, म्हणून त्याच द्या असा आग्रह होतो. धातूच्या झडपेवर डाबिगाट्रान या नव्या गोळीची चाचणी झाली होती. गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्याने ती मध्येच थांबवावी लागली. ऱ्हुमॅटिक झडपविकारासोबत हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या साडेचार हजारांवर रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष 2022मध्ये आले. त्यात रिव्हरॉक्साबान या दुसऱ्या नव्या गोळीपेक्षा जुन्या गोळीवर मृत्यू कमी झाले. या रुग्णांपुरती जुनी, कटकटीची गोळीच सरस.

गर्भधारणेचा विचार असेल तर डॉक्टरांशी आधीच बोलावं, कारण सुरुवातीच्या महिन्यांत ही गोळी बाळात व्यंग आणू शकते. दात काढायचा असेल तरी गोळी स्वतःहून बंद करू नये. काळी, डांबरासारखी शौच, लाल लघवी, न थांबणारा घोळणा फुटणं यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. डोक्याला मार लागला असेल तर बाहेर जखम नसली तरी लगेच इस्पितळात जावं आणि पहिल्याच डॉक्टरांना गोळीचं नाव सांगावं.